निरक्षर फरशी

"तुमची फरशी खोटं बोलते, उपळेकर मॅडम," प्राध्यापक फिरोज मुजावर म्हणाले आणि चहाचा कप बशीत ठेवून त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

मृण्मयी उपळेकरनं पडद्याकडं पाहिलं. मिरजेच्या नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं ते तळघर होतं. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या टाकायचे, आता तिथं जाणत्या फरशीचा नियंत्रण कक्ष झाला होता. पडद्यावर वरच्या दालनाचा नकाशा, आणि नकाशावर निळ्या रेघांचं जाळं. जिथून माणसं जास्त चालली तिथं रेघ जाड, कमी चालली तिथं बारीक. मुजावर परीक्षण समितीकडून आले होते. त्यांच्या एका सहीवर ही फरशी राहणार की उखडली जाणार, ते आज ठरायचं होतं.

फरशी उखडली तर आप्पांचं काय होईल, हे मृण्मयीला पक्कं ठाऊक होतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. सगळी हयात शेतीखात्यात काढलेली. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांतून हिंडायचे आणि बांधावर उकिडवं बसून शेतकऱ्यांशी तासन्‌तास बोलायचे. समोरचा दमायचा, आप्पा दमायचे नाहीत. पाच वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अक्कल शाबूत, डोळे शाबूत, समोरचं सगळं समजतं, वाचलेलं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की "ते... ते..." याच्यापुढं गाडी हलत नाही. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणत. पाच वर्षांत मृण्मयीनं वडिलांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलेलं नव्हतं.

असा माणूस ग्रंथालयात जाऊन करणार काय? पुस्तकाचं नाव सांगता येत नाही, लिहून देता येत नाही, बोलक्या यंत्राला विचारता येत नाही. जुन्या इमारतीत एकदा आप्पा काउंटरपाशी "ते... ते..." करत उभे राहिले. मागची रांग चुळबुळायला लागली, कुणीतरी जीभ टाळ्याला लावून "च्" केलं, आणि आप्पा मान खाली घालून परत फिरले. मृण्मयी तेव्हा दारात उभी होती. ती मुळात पावलांची शास्त्रज्ञ. माणूस कसा चालतो, का अडखळतो, याच्यावर तिनं अर्धं आयुष्य घातलेलं. त्या दिवशी घरी जाताना तिनं ठरवलं, की तोंड न उघडता माणसाला जे पाहिजे तिथं नेणारं काहीतरी आपण करायचं.

"मला पहिल्यापासून सांगा," मुजावर म्हणाले. "माझ्या अम्मीला सांगितल्यासारखं."

"फरशीचा प्रत्येक तुकडा किंचित मऊ किंवा किंचित कडक होतो," मृण्मयीनं सुरुवात केली. "इतका किंचित की डोक्याला कळत नाही, तळव्याला कळतं. पाय आपणहून सोप्या बाजूला वळतो. चपला दाराबाहेर काढायची पद्धत इथं आधीपासून होतीच, ती आम्हाला आयती मिळाली."

"आणि चाकाची खुर्ची?"

"चाक कुठं जड जातं, कुठं हलकं, ते हातांना समजतं. तत्त्व तेच."

"बरं. पण माणसाला काय हवंय हे फरशीला कसं कळतं?"

"ते कळत नाही. तिला एवढंच कळतं, की माणूस शोधतोय की त्याला सापडलंय. शोधणारं पाऊल आखूड पडतं, भार चवड्यावर असतो. त्याला आम्ही शोधचाल म्हणतो. सापडलं की माणूस टाच टेकतो, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन निवांत उभा राहतो किंवा बसतो. ती स्थिरचाल. शोधचालीची स्थिरचाल ज्या वाटेनं झाली, ती वाट फरशी ध्यानात ठेवते. मुंग्यांचं असतं तसं. मागची मुंगी पुढचीच्या मागावर जाते, आणि कुणी गेलंच नाही तर माग विरून जातो."

"आणि आजवर कधी न आलेला माणूस आला तर?"

"त्याची चाल आधीच्या कुणाच्या चालीशी जुळते ते फरशी बघते आणि त्याच्या वाटेनं न्यायला लागते. पाऊल अडखळलं, म्हणजे त्याला हे नको. मग दुसरी वाट देते."

"पुस्तकांची नावं? विषय?"

"काहीच नाही. फरशीला एक अक्षर येत नाही, सर."

यावर ग्रंथपाल यशोधन बिराजदार कोपऱ्यातून खाकरले. त्यांना पहिली फरशी आठवली असणार. पहिली फरशी चांगली शिकलीसवरलेली होती. तिच्यावर अक्षरं उमटायची. 'इतिहास', 'कथा', 'विज्ञान', बाण, आकडे, बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपीसुद्धा पायाला लागेल अशी उठायची. बाहेरच्या देशांत असल्या फरश्या झकास चालतात. मिरजेत ती दोन महिने टिकली नाही. लोक अक्षरांना वळसा घालून भिंतीच्या कडेनं चालायला लागले. एका आजोबांचा पाय चुकून 'इतिहास'वर पडला, तर ते कंबर धरून खाली वाकले, फरशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी तर खुर्ची थांबवून आपल्या चाकाच्या वतीनं नमस्कार केला. अक्षरावर पाय द्यायचा म्हणजे काय, सरस्वती आहे ती. परदेशात शिकून आलेल्या एकाही अभियंत्याच्या हे डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मृण्मयीच्याही आलं नव्हतं, जिला लहानपणी वहीला पाय लावला म्हणून दोनदा धपाटा बसलेला होता. म्हणून दुसरी फरशी तिनं निरक्षर केली.

"छान आहे," मुजावर म्हणाले. "कल्पना छान आहे. आता हे बघा. ही तुमची सगळ्यात जाड रेघ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती इथं संपत होती, शेतीच्या कपाटापाशी. मे महिन्यात जिन्याखाली. आता कुठं संपते? जुन्या मासिकांच्या खोलीत. बिराजदारसाहेब, कपाटं जागची हलतात का?"

"कशी हलतील? बोल्टनं ठोकलीत खाली."

"मग पुस्तक जागेवर असताना वाट कशी सरकते? आणि ही वाट जाड झाल्यापासून तिच्या टोकाच्या कपाटातलं एक पुस्तकही कुणी घरी नेल्याची नोंद नाही. मी तपासलंय. याचा अर्थ फरशी लोकांना भरकटवते. डोळस माणूस भरकटला तर हसत परत येईल. ज्याला दिसत नाही त्यानं काय करायचं? तो बिचारा फरशीवर विश्वास टाकून चाललाय."

मुजावर हे रागानं बोलत नव्हते. त्यामुळंच मृण्मयीला ते जास्त लागलं. गेले कित्येक आठवडे तीही त्या सरकत्या रेघेशी झटत होती. तुकडा न् तुकडा तपासला होता, दोष सापडला नव्हता. कोणती पावलं कुणाची, हे बघायची सोय नव्हती. खासगीपणा जपायचा म्हणून तिनंच फरशीत नावं ठेवली नव्हती आणि वर कॅमेरे लावू दिले नव्हते.

"तसं असेल तर आमची योजना तयार आहे," बिराजदार म्हणाले. ते भले गृहस्थ होते. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी यायचं नाही. "मागच्या अंगाला चार खोल्या. दिसत नाही त्यांना श्राव्य खोली, वाचा नाही त्यांना चित्रखोली, खुर्चीवाल्यांना दाराजवळची, ऐकू येत नाही त्यांना चौथी. ज्याची सोय त्याच्या खोलीत. कुणाला कुणाचा त्रास नको."

चित्रखोलीचा नमुना बिराजदारांनी बांधूनही ठेवला होता. मृण्मयी आप्पांना एकदा तिथं घेऊन गेली होती. मऊ सोफा, भिंतीवर फळाफुलांची रंगीत चित्रं, खाली 'आंबा', 'केळे' लिहिलेलं. द्राक्षांच्या चित्राशी आप्पा थोडा वेळ थांबले, मग दाराशी जाऊन काठी टेकून उभे राहिले, ते घरी निघेपर्यंत आत आले नाहीत. तीस वर्षं द्राक्षात घालवलेल्या माणसाला द्राक्षं ओळखायला शिकवत होते ते.

"मॅडम, तुम्ही वर जाऊन पाहिलंत का, त्या वाटेच्या टोकाला काय आहे ते?" मुजावरांनी विचारलं.

"सोमवारी, बंद असताना. काही नाही तिथं. खुर्च्या आणि धूळ. उघडं असताना मी चालत नाही. ज्याला वाटा पाठ आहेत तो शोधत नसतो, आणि न शोधणारे पाय फरशीला चुकीचं शिकवतात. सोमवारीही रबरी तळवे घालूनच जाते. फरशीला माझे पाय माहीत नाहीत."

रोज दहाला ती आप्पांना ग्रंथालयाच्या दाराशी सोडायची आणि पाचला दारातूनच घ्यायची. मधल्या वेळात ते काय करतात, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारून उपयोग काय, ते सांगणार कसे? वर्तमानपत्र चाळत असतील, असं तिनं धरून ठेवलं होतं. अलीकडं आप्पा दारात जरा खुशीत दिसायचे, पण हे तिनं हवापालटावर ढकललं होतं.

मुजावर खुर्चीत पुढं सरकले. "फरशीला तुमचे पाय माहीत नाहीत? मग मला पाहिजे तो माणूस मिळाला की. बिराजदार रोज वर फिरतात, ते कामाचे नाहीत. माझ्या पायांना साखरेमुळं संवेदना नाही, डॉक्टरनं अनवाणी चालायला बंदी केलीय. तुम्ही चला. डोळे बांधून. एक पुस्तक मनात धरा, सांगू नका. बघू तुमची फरशी कुठं नेते."

"सर, हे शास्त्रीय नाही. एका माणसाच्या चालण्यानं..."

"नसू दे. मला सही करायचीय, आणि मला बघायचंय."

दालनाच्या दाराशी मृण्मयीनं रबरी चपला काढल्या. स्वतः बनवलेल्या फरशीवर ती पहिल्यांदा अनवाणी पाय ठेवत होती. फरशी गार होती. बिराजदारांनी तिच्याच ओढणीनं तिचे डोळे बांधले आणि आंधळ्या कोशिंबिरीत फिरवतात तसं तिला दोन-तीन वेळा गरकन फिरवलं. दिशा पार गेली. मनात तिनं एक पुस्तक धरलं होतं, पायाच्या हाडांवरचं जाडजूड. ते विज्ञानाच्या कपाटात होतं, पूर्वेकडं. आता पूर्व कुठंय देव जाणे.

ती चालायला लागली. टाच खट्‌खट् वाजत होती; शोधतानाही ती खोड जात नव्हती. तिची आई म्हणायची, "बापाची चाल उचललीय कार्टीनं. टाच आपटत चालते, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील." पाच-सहा पावलं झाली आणि डाव्या तळव्याखाली फरशी जराशी मऊ लागली. त्या बाजूला वाचकांची कुजबुज ऐकू येत होती, म्हणजे वाचनाची टेबलं असणार, म्हणजे विज्ञान उजवीकडं. ती थबकली. फरशीनं मुकाट्यानं उजवीकडची वाट मऊ केली. ती चार पावलं गेली, पण पाय काही ठरेना. पुन्हा डावीकडं मऊ. तिनं पुन्हा नको म्हटलं. फरशीनं तिसरीच वाट देऊन पाहिली आणि परत डावीकडं आली.  मुजावर तोच नकाशा हातपडद्यावर बघत मागं चालताहेत, हे तिला माहीत होतं. संपलं, तिच्या मनात आलं. खरंच भरकटवते ही.

मग तिनं हात टेकले. जाऊ दे, नेतेस तिथं ने.

आणि गंमत अशी, की हट्ट सोडल्यावर चालणं एकदम सोपं झालं. कुठं लांब टाकायचं, कुठं वळायचं, पायाला आधीच कळत होतं. बाजाराच्या गर्दीत घरच्या माणसानं बोट धरून न्यावं, तशी ती निघाली. एक वळण, मग दुसरं. हवेला जुन्या कागदाचा वास यायला लागला. पुढं दार असावं, कारण बिराजदारांनी ते ढकलल्याचा आवाज झाला. आत कुणीतरी गात होतं.

आवाज पुरुषी, जाडाभरडा, म्हातारा. चाल संथ, ओवीसारखी. शब्द मात्र भलतेच होते. "भुरी रोगाऽच्या नियंत्रणाऽसाठी, गंधकाची भुकटी सकाळीऽ धुरळावी..."

मृण्मयीच्या दोन्ही टाचा सारख्या भारानं जमिनीला टेकल्या. ती उभी राहिली ती राहिलीच.

"स्थिरचाल," मागून मुजावर हळूच म्हणाले.

तिनं ओढणी खाली ओढली. खोलीत सात-आठ माणसं खुर्च्या जवळ ओढून बसली होती. एकीच्या हातात पांढरी काठी, दोघे चाकाच्या खुर्चीत, एका आजोबांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. मध्ये आप्पा. मांडीवर द्राक्षशेतीचं जुनं पुस्तक, डाव्या हाताचं बोट ओळीखाली. पांढऱ्या काठीवाल्या बाई त्यांच्या शेजारी बसून टेबलावर ठेका धरत होत्या आणि प्रत्येक ओळीआधी हलकेच सूर देत होत्या. आप्पा पुस्तकातून मान वर न काढता गात होते. अडखळत, घोटत, पण शब्द येत होते. सगळे शब्द.

बिराजदारांचा चेहरा उतरला. "अहो, हे होय? ही मंडळी जिन्याखाली गात बसायची, लोकांनी तक्रार केली म्हणून मीच इथं बसवलं. मला वाटलं, भजनी मंडळ आहे."

"त्याआधी शेतीच्या कपाटाशी बसायचो," काठीवाल्या बाई म्हणाल्या. "तिथं उन्हाळ्यात ऊन यायला लागलं. मी कुमुद आरवाडे. शाळेत संगीत शिकवायचे. कोण आलंय?"

"समितीचा माणूस आहे मी, ताई," मुजावर म्हणाले. "तुम्ही इथं कशा आलात?"

"पायानं. मी आले त्या दिवशी फरशीनं मला सगळं ग्रंथालय फिरवलं. पाऊल काही ठरेना. ठरणार कसं, पुस्तक समोर आलं तरी मला ते थोडंच दिसणार? शेवटी शेतीच्या कपाटाशी आणून सोडलं. तिथं हे साहेब उभे. बोलता येईना त्यांना, पण गुणगुणत होते, आणि सुरात होते. मी म्हटलं, सूर आहे तर शब्द येतील. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडं, गाण्याची दुसरीकडं, असं म्हणतात ना? मी सूर द्यायचा, त्यांनी वाचायचं. मला यंत्र वाचून दाखवतं हो घरी. पण यंत्र दमत नाही, खोकत नाही, चांगलं वाक्य आलं की दोनदा म्हणत नाही. मग बाकीचे यायला लागले. फरशीच आणते त्यांना."

हा स्वरोपचार दवाखान्यातही करून पाहिला होता. तिथल्या मुलीनं आप्पांना चिमणीचं बडबडगीत म्हणायला लावलं, आणि आप्पांनी पुन्हा तिकडं पाऊल टाकलं नाही. मृण्मयीनं तो विषय तिथंच मिटवला होता. आता तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला, आणि दोन्ही एकदम कसं होतं ते तिला कळेना.

मुजावरांनी हातपडद्यावरची रेघ आणि आप्पांची खुर्ची ताडून पाहिली. "कपाट हलत नाही," ते शेवटी म्हणाले. "माणूस हलतो. फरशी खरं तेच बोलत होती, मॅडम. चूक आपली. आपण धरून चाललो, की ग्रंथालयात आलेला माणूस पुस्तकच शोधत असणार. फरशीला पुस्तक म्हणजे काय तेच माहीत नाही. तिला पाय कुठं टेकतात तेवढं माहीत. बरं, तुम्ही कुठलं पुस्तक धरलं होतं मनात?"

"पायाच्या हाडांचं."

"ते राहिलं पूर्वेला. मग इथं का आणलं तुम्हाला?" त्यांनी पडदा तिच्यासमोर धरला. दोन ठसे एकमेकांवर बसलेले होते. "फरशीनं तुमची डावी टाच आधीच्या पावलांशी जुळवून पाहिली. जुळली ती आत्ता या खुर्चीखाली टेकलेल्या, या साहेबांच्या डाव्या टाचेशी. उजवा पाय त्यांचा ओढत पडतो, डावा शाबूत आहे. हुबेहूब. म्हणून तुम्हाला त्यांच्या वाटेनं आणलं. हे कोण आहेत?"

 "मॅडमचे वडील," बिराजदारांनी सांगितलं. मग ते आपल्या फायलीकडं बघत म्हणाले, "चार खोल्या झाल्या असत्या, तर कुमुदताई श्राव्य खोलीत बसल्या असत्या. आणि हे चित्रखोलीत. मध्ये भिंत." ती फाईल त्यांनी मासिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि जाताना उचलली नाही.

"अहवालात मी लिहिणार आहे," मुजावर म्हणाले, "की या फरशीला पुस्तकं ओळखता येत नाहीत. आणि तिला ती कुणी शिकवूही नयेत."

इतका वेळ आप्पा ओळ निसटू नये म्हणून तिच्यावर बोट आणि नजर खिळवून थांबले होते. आता त्यांनी मान वर केली आणि त्यांना दारातली मुलगी दिसली. अनवाणी, गळ्यात ओढणी, रडून नाक लाल झालेली. त्यांनी तोंड उघडलं. "ते..." ते म्हणाले. "ते... ते..." डावा हात पुस्तकावर आपटला. मृण्मयीनं हे पाच वर्षं पाहिलं होतं. आता ते मान खाली घालतील, तिला माहीत होतं.

"थांबा साहेब," कुमुदताई म्हणाल्या. "मघाशी टाच वाजली तेव्हा मला वाटलं, शेजारी गाणारे तुम्ही दारातून कसे येताय. मुलगी होय? घाई नको. घ्या." त्यांनी टेबलावर ठेका धरला आणि हलकासा सूर दिला.

आप्पांनी डोळे मिटले. भुरी रोगाच्याच चालीवर, गंधकाच्या भुकटीच्याच संथ ओवीत, त्यांनी एक एक अक्षर उचलून ठेवलं.

"मृऽणूऽ... बस की गंऽ..."

मृण्मयी खाली फरशीवरच बसली.